टॉवेलाखालचा हात

हे मी सांगितलं आणि माझ्या मुलीनं, वैशालीनं, लिहून काढलं. माझ्या अक्षराचं काय झालंय ते पुढे येईलच. माझ्या बोलण्यावर तिनं जरा इस्त्री फिरवली आहे, पण माणसं जशी बोलली तशीच ठेव, असं मी तिला बजावलंय. ज्यांना कंपवात झालाय, किंवा ज्यांच्या घरात कुणाला झालाय, त्यांच्यासाठी हे आहे. औषधांची नावं इथे सापडायची नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी एका ठिकाणी फसलो आणि माझ्यासोबत सगळं घर फसलं. तुमचं तसं होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

अंगठा

मी नामदेव, पिंपरी पेंढारचा. शेती आहे, पण हयात गेली ती बैलांच्या बाजारात. मी हेडी. बैल विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जुळवणारा माणूस. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. कुठली बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून आकडा कळतो. भोवती माणसांचा गराडा पडलेला असतो, पण आत काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. चेहरा कोरा ठेवायचा. मला तो फार छान जमायचा. कमल, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की घरीसुद्धा माझा चेहरा कधी बाजारातून परत आलाच नाही.

आजार पहिल्यांदा सापडला तो टॉवेलाखालीच. बेल्ह्याचा बाजार होता. समोर बबन होता, डिंभ्याचा, माझ्यासारखाच हेडी. आमचे हात इतकी वर्षं एकमेकांना ओळखत होते की टॉवेल टाकायचा तो फक्त लोकांसाठी. त्या दिवशी त्याचा हात मधेच थांबला.

"नामाभाऊ, नीट सांगा की. एकदा आकडा देताय, पुन्ना मोडताय."

"मोडला कुठं?"

"मग ह्ये बोट का हालतंय?"

मी म्हटलं, मी काही हलवत नाही. त्यानं माझा अंगठा आतल्या आत घट्ट धरून ठेवला. सोडला, की तो पुन्हा सुरू. बबननं तोंड माझ्या कानाशी आणलं.

"राव, हात कापतोय तुमचा. दवाखान्यात दावा."

सौदा त्यानंच कसाबसा आवरला. मी बैलांच्या दावणीमागे जाऊन हात उघडून बघितला. अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, अगदी तंबाखू मळावी तसा. तंबाखू तर मी केव्हाच सोडली होती.

पुढे कित्येक महिने लोकांना ती तंबाखूच वाटत राहिली. एसटीत, पारावर कुणी ना कुणी तळवा पुढे करायचा, "पावणं, जरा हिकडं बी." मी म्हणायचो, "संपली राव." मला ते सोयीचं होतं. आजारी माणसापेक्षा कंजूष माणूस बरा, असा माझा हिशेब होता.

हवेतला हात

नारायणगावच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. मोठं हॉस्पिटल. दारातच नाव नोंदवायला माणसाच्या जागी एक उभा पडदा. त्याच्यावर पाटी होती, पडद्याला हात लावू नये, हात समोर हवेत धरावा. आपण हात हलवला की पडद्यावर एक गोल टिकली हलते. हव्या त्या चौकटीवर टिकली नेऊन हात स्थिर धरायचा, चौकट भरली की नोंद झाली. मागे साथ आली तेव्हापासून म्हणे असं केलंय, कुणाचा कुणाला स्पर्श नको.

सगळा खेळ हात स्थिर धरण्याचा, आणि आम्ही त्याच्यासाठीच आलेलो. माझी टिकली पडद्यावर टोळासारखी उड्या मारायला लागली. मागे रांग वाढत होती. मी जोर करून हात धरला, तर पडद्यानं माझी नोंद प्रसूती विभागात केली. कमलला हसू आवरेना. मीही हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

मागचा एक जण वैतागून म्हणाला, "काका, हात जरा स्थिर ठेवा ना."

"तो राहिला असता तर आलो असतो का हितं?" मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नावाचं पहिलं अक्षर बरं आलं, पुढची बारीक होत होत मुंग्या झाली. त्यांनी तो कागद थोडा वेळ बघितला आणि म्हणाल्या, "काका, हा कंपवात आहे."

"बरा व्हतो का?"

"आटोक्यात राहतो."

बाहेर रस्त्यावर आल्यावर कमलनं विचारलं, "अहो, आटोक्यात म्हंजी काय वो?" मी तिच्यावर खेकसलो. मलाही तेच विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत झाली नव्हती. भीती वाटली की मी आवाज चढवतो. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी रिक्षावाल्यावर, कंडक्टरवर आणि मोसंबीवालीवर आवाज चढवला.

गोळी

ज्यांना हा आजार नाही त्यांना ही एक गोष्ट समजावून सांगावी लागते. गोळी पोटात गेली आणि लागू पडली की मी बराचसा माणूस असतो. चालतो, जेवतो, शर्टाची बटणं लावतो. गोळी उतरली की अंग लाकूड होतं. सकाळचं तर विचारू नका. कूस बदलता येत नाही, घोंगडी अंगावर दगडासारखी पडलेली, तोंडातून लाळ येते ती पुसायला हात वर जात नाही.

हे मी कुणाला दाखवलं नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत निजायला लागलो. बैलांजवळ बरं वाटतं म्हणून सांगितलं. गोळी उशाशी ठेवायची, कुणी उठायच्या आत कशीबशी तोंडात ढकलायची, आणि कमल चहा घेऊन येईपर्यंत उठून बसायचं. दवाखान्यात जायच्या दिवशीही गोळीची वेळ अशी साधायची की डॉक्टरबाईंसमोर मी धडधाकट. बाकी वेळ हातावर टॉवेल. आयुष्यभर टॉवेल टाकून हिंडलेला माणूस, कुणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

बाजार सुटला. मी गेलो की लोक रामराम करायचे, चहा पाजायचे, पण माझ्या टॉवेलाखाली हात घालायला कुणी येईना. हलणाऱ्या बोटांवर कोण भाव ठरवणार? कमल शेताचं बघायला लागली. तिची एक बहीण काढा घेऊन आली, दुसरीनं कसलंसं तेल आणलं. कमल भीमाशंकरला जाऊन आली आणि अंगारा माझ्या मनगटाला लावत राहिली. मी हात काढून घ्यायचो. बटण लागलं नाही की ती पुढे यायची, आणि मी तिचा हात झटकायचो. ती माउली पुन्हा पुढे यायची, मग मला आणखी राग यायचा.

वैशाली तेव्हा मंचरला नोकरीला होती. रविवारी यायची ती लॅपटॉप घेऊन. हॉस्पिटलनं त्यात एक व्यायाम दिला होता. कॅमेऱ्यासमोर हात धरायचा, पडद्यावर फुगे वर जातात, ते हवेतल्या हवेत चिमटीत धरून फोडायचे. ओट्यावर बसून मी फुगे फोडायचो आणि दावणीचे माझे दोन बैल, हौशा आणि पाखऱ्या, माझ्याकडे टक लावून बघायचे. मी काहीच नसलेली चिमूट धरतोय याचं त्या मुक्या जनावरांना नवल वाटत असावं.

परीक्षा

मग ऑपरेशनची गोष्ट निघाली. मेंदूत बारीक तारा सोडतात, छातीत एक बॅटरी बसवतात. सगळ्यांना चालत नाही, आधी परीक्षा घ्यावी लागते. हॉस्पिटलातून फोन आला. तिथली एक मुलगी म्हणाली, "काका, रात्रीपासून गोळी घेऊ नका. सकाळी तसेच या."

आता बैल बाजारात कसा नेतात ते सांगतो. आदल्या दिवसापासून त्याची बडदास्त. अंग घासून धुवायचं, शिंगं साळून तेल लावायचं, गूळपीठ चारायचं. पाय आखडलेला असेल तर बाजाराच्या आधी हळूहळू फिरवून मोकळा करायचा. घेणाऱ्यासमोर बैल उभा राहिला पाहिजे तो राजासारखा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, घेणाराही उद्या विकायला आला की हेच करतो.

मीही त्या बैलासारखाच तयार होऊन गेलो, पहाटेची गोळी उशाशीच घेतलेली. माझ्या डोक्यात एवढंच की आज पसंती आहे. शिवाजीनगरला उतरल्यावर कमल पाण्याची बाटली भरायला गेली, तेवढ्यात चहाबरोबर सकाळची दुसरी गोळी घेतली आणि वर आणखी अर्धी.

खोलीत एक मोठा पडदा आणि वर कॅमेरा. फोनवरच्या त्या मुलीनं विचारलं, "गोळी नाही ना घेतली?"

"न्हाई." चेहरा कोरा.

"मग हात समोर धरा."

मी हात पुढे केला आणि दुसऱ्या हातानं त्याच्यावर टॉवेल टाकला. मुद्दाम नाही, आपोआप. चार माणसांत बोटं उघडी करायची नाहीत ही सवय हाडात मुरलेली.

"काका, टॉवेल काढा. कॅमेऱ्याला दिसत नाही."

टॉवेल काढला. पडद्यावर रेघांचा एक हात उमटला, माझ्या हातासारखाच हलणारा. मूठ उघडा, मूठ मिटा. अंगठ्यावर बोट आपटा, जोरात, मोठं. मी आपटलं. हात असा काही चालला की मलाच कौतुक वाटलं. नंतर तिनं तिच्याकडची गोळी दिली, बसवून ठेवलं आणि पुन्हा तेच करून घेतलं. तेव्हाही छान जमलं. मी कमलकडे बघून भुवई उडवली, आज बाजार आपला.

डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या बराच वेळ कागद चाळत होत्या.

"काका, गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर काहीच फरक नाही."

मी म्हटलं, "दोन्ही टायमाला चांगलं केलं की."

"तेच तर. गोळीनं फरक पडायला हवा होता. तो पडत नाही, म्हणजे हा नेहमीचा कंपवात नसावा. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार असतो. त्यात ऑपरेशनचा उपयोग होत नाही." मग त्या कमलकडे वळल्या. "अजून खात्रीनं सांगत नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू. पण पुढे बोलायला, गिळायला त्रास होऊ शकतो. घरच्यांनी तयारी ठेवावी."

कमलनं पिशवी छातीशी धरली होती ती तशीच धरून राहिली. मी मनात चरफडत होतो की एवढा झकास हात दाखवला आणि यांनी नापास कसा केला. गोळी घेतल्याचा आणि या निकालाचा काही संबंध असेल हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. बैल जितका चांगला दिसेल तितका भाव जास्त, याच्या पलीकडे माझी अक्कल गेलीच नव्हती.

तयारी

मधल्या महिन्यांतलं सांगतो. वैशालीनं मंचरची नोकरी सोडली आणि घरी आली. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे करमत नाही. कमल भाकरी कुस्करून, आमटीत भिजवून मला द्यायला लागली. मला तेव्हा नीट चावता येत होतं. तिला तयारी करायला सांगितली होती ना, म्हणून ती करत होती.

एकदा वैशाली फोन समोर धरून म्हणाली, "आप्पा, काहीतरी बोला. आईला हाका मारा, मला मारा, बैलांना मारा."

"कशाला?"

"असंच."

मी हाका मारल्या. कमल. वैशे. हौशा, पाखऱ्या, हॉ हॉ. मग माझ्या लक्षात आलं की ही माझा आवाज साठवून ठेवतेय. कमल चुलीकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मी उठून गोठ्यात गेलो आणि पाखऱ्याच्या मानेवर डोकं टेकून रडलो. मेलेल्या माणसाच्या घरासारखं आमचं घर झालं होतं, आणि मेलेला माणूस चालत फिरत होता.

तेव्हाच ठरवलं की बैलांची जोडी विकायची. बोलता येतंय तोवर आपल्या तोंडानं, आपल्या हातानं विकू. नंतर कुणीतरी कुणाच्यातरी दावणीला नेऊन बांधण्यापेक्षा ते बरं.

उठतानाचा बैल

बबननं गिऱ्हाईक आणलं. डिंभ्याच्या वरच्या अंगाचे एक म्हातारे शेतकरी, पागोटं घातलेले, फार कमी बोलणारे. मी जोडी धुऊन, शिंगांना तेल लावून उभी केली होती. त्यांनी लांबूनच बघितली, चहा घेतला आणि म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या. सकाळच्याला येतो."

दुसऱ्या दिवशी ते दिवस उगवायच्या बेतातच आले, बबनला घेऊन. मला चाहूल लागली. गोळी उशाशी होती, पण हात तिथवर पोचला तो कागदी पुडा खाली पाडायलाच. कसाबसा खाली घरंगळून, भिंतीला धरून मी गोठ्याच्या दारापर्यंत ओढत आलो आणि खांबाला धरून तिथेच थिजलो. पाय पुढे पडेना, मागे पडेना.

म्हातारे दावणीसमोर उकिडवे बसले होते. बैल अजून बसलेले. बबन त्यांना उठवायला वाकला, तर म्हाताऱ्यांनी त्याला थांबवलं.

"उठवू नगा. आपापला उठू द्या. मला उठतानाचा बैल बघायचाय."

हौशा उठला. पाखऱ्या उठताना मागच्या उजव्या पायावर अडखळला, थोडा वेळ तसाच वाकडा उभा राहिला, मग सावरला. तो पाय आखडतो हे मला माहीत होतं. म्हणूनच तर आदल्या दिवशी त्याला फिरवून मग उभा केला होता.

"हां," म्हातारे म्हणाले. "आता कळलं काय हाय त्ये. धुतल्याला बैल बघून मला काय कळणार व्हतं?"

मी खांबाला धरून उभा होतो, तोंडातून लाळ गळत होती, आणि मला परीक्षेचा दिवस आठवला. डॉक्टरबाईंना उठतानाचा बैल बघायचा होता. आणि मी त्यांना शिंगाला तेल लावलेला दाखवून आलो होतो.

मला ओरडायचं होतं. तोंडातून घरघर निघाली. बबननं वळून बघितलं आणि तो घाबरलाच. त्यानंही मला असा कधी बघितला नव्हता.

"नामाभाऊ! ओ वैनी, हिकडं या, लौकर या!"

कमल धावत आली, वैशाली आली. मला खाली बसवलं, गोळी दिली. म्हातारे बिचारे बाजूला उभे राहिले. मी लाकडाचा झालो होतो तरी दारात पाहुणा आला होता, आणि सौदा सौदा असतो. मी डोळ्यांनी बबनला टॉवेल दाखवला. त्याला कळलं. म्हाताऱ्यांनी टॉवेलाखाली माझा हात धरला, पण माझी बोटं काही दाबेनात, नुसती थरथरत होती. तेव्हा बबननं आपला हात आत सरकवला, माझी बोटं आपल्या बोटांत घेतली आणि माझ्या वतीनं दाबली. किती म्हणून मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मनात होतं तेवढंच त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि इसाराचे पैसे माझ्या खिशात ठेवले.

गोळी लागू पडल्यावर मी सगळं सांगितलं. पहाटेची गोळी, शिवाजीनगरचा चहा, तिथली गोळी, ती वरची अर्धी. वैशालीनं कपाळाला हात लावला. "आप्पा, अहो गोळीचा फरकच तर बघायचा होता त्यांना!"

बबन म्हणाला, "मी पावण्याला सांगतो. सौदा मोडू या."

"हात धरून झालाय," मी म्हटलं. "आता मोडायचा न्हाई." हौशा आणि पाखऱ्या त्याच दिवशी गेले. पाखऱ्यानं वळणावर थांबून मागे बघितलं, आणि बबननं त्याच्या पाठीवर थाप मारली.

बैल गेल्यावर कमल रिकाम्या दावणीपाशी उभी राहिली आणि मग एकदम फुटली.

"तुमी भाव वाढवत बसला आनि हितं आमी रोज मरत व्हतो. रोज. तुमच्या तोंडाकडं बघत घास गिळत व्हतो. मला तरी दावायचं व्हतं. मी काय गिऱ्हाईक हाय?"



हात आढळला नाही

डॉक्टरबाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "या वेळी आदल्या दिवशी भरती व्हा." भरती झाल्यावर गोळ्या सिस्टरनं काढून घेतल्या.

सकाळी हॉस्पिटलातल्या खोलीत मी कसा पडलो होतो ते कमलनं पहिल्यांदा नीट बघितलं. खोलीतला टीव्हीही हवेतल्या हातावर चालणारा होता. मी हात पलंगावर ठेवला होता, काही करत नव्हतो, तरी माझ्या थरथरीनं त्याचा आवाज वाढायचा, कमी व्हायचा, बातम्या जाऊन कीर्तन लागायचं, कीर्तन जाऊन साबणाची जाहिरात. शेवटी सिस्टरनं त्याची वायर काढली.

कमलनं विचारलं, "रोज सकाळी असंच असतं?"

मी पापण्या मिटून हो म्हटलं. तिनं लाळ पुसली. या वेळी मी मान फिरवली नाही, फिरवता येतही नव्हती.

चाकाच्या खुर्चीतून मला पडद्यासमोर नेलं. परीक्षा घेणारी तीच मुलगी होती. "काका, हात समोर धरा."

मी धरत होतो. जिवाच्या आकांतानं धरत होतो. हात मांडीवरून वीतभर वर आला आणि तिथेच वाकडा राहिला, बोटं मुडपलेली, थरथरणारी. पडद्यावर रेघांचा हात उमटेना. लाल अक्षरं आली, "हात आढळला नाही. कृपया हात दाखवा."

कमल पुढे आली. तिनं माझ्या मनगटाखाली हात घातला आणि वर उचलला. पडद्यावर लगेच एक हात उमटला, छान, पाच बोटांचा. तो तिचा होता.

"काकू, तुम्ही धरू नका," मुलगी हळूच म्हणाली. "त्यांचाच लागेल."

कमलनं हात काढून घेतला आणि पाठीमागे बांधला. माझा हात पुन्हा खाली आला. पुन्हा लाल अक्षरं. मी जन्मभर हा हात लपवला, आणि आता तो सगळ्यांसमोर उघडा धरला होता तर यंत्र म्हणत होतं की हात नाहीच. मला त्या यंत्राचा राग नाही आला. मला माझी लाज वाटली, मग लाजही गेली, आणि फक्त तो हात वर न्यायचा एवढंच उरलं. किती वेळ लागला माहीत नाही. शेवटी पडद्यावर रेघांचं एक वेडंवाकडं काहीतरी उमटलं. मूठ उघडा, तिनं म्हटलं. मूठ उघडली नाही.

मग गोळी दिली. आम्ही बसून राहिलो. हळूहळू अंग सुटत गेलं, आणि दुसऱ्या वेळी पडद्यावरचा हात उघडला, मिटला, बोटं आपटली. मुलगी स्वतःच टाळी वाजवून बसली. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"गोळी चालते, काका. चांगली चालते. हा साधाच कंपवात आहे."

साधाच. ऑपरेशन करता येईल, त्या म्हणाल्या. धोका आहे. झालं तरी आजार जात नाही, थोडी वर्षं हात शांत राहतात, मग तो आपल्या वाटेनं पुढे सरकतो. त्या दुसऱ्या आजारापेक्षा एवढंच बरं, की वेळ जास्त आहे. कमलनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आवाज ऱ्हाईल ना यांचा?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "बराच काळ राहील."

ऑपरेशन अजून व्हायचं आहे. मला भीती वाटते, खूप वाटते, आणि आता मी ती घरात बोलून दाखवतो. तुम्हाला एकच सांगणं. डॉक्टरांसमोर नटूनथटून जाऊ नका. तुमचा सगळ्यात वाईट हात, सगळ्यात वाईट सकाळ त्यांना दाखवा, आणि त्याच्याही आधी घरच्यांना दाखवा.

परतीची एसटी

परतताना शिवाजीनगरहून नारायणगावची गाडी धरली. खिडकीशी कमल, मधे मी, कडेला एक अनोळखी गृहस्थ. मंचरच्या अलीकडे गोळी उतरायला लागली आणि अंगठा सुरू झाला. मी खांद्यावरचा टॉवेल ओढून हातावर घेतला. कमलनं तो उचलला, घडी केली आणि पिशवीत ठेवला.

"कशाला झाकताय? मी बघितलाय."

हात मांडीवर उघडा पडला. अंगठा बोटावर घासत राहिला. जरा वेळानं शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि तळवा पुढे केला.

"पावणं, चिमूटभर हिकडं बी."

कमल खिडकीबाहेर बघत होती, पण तिनं श्वास धरलाय हे मला कळत होतं.

"तंबाखू न्हाई भाऊ," मी म्हटलं. "आजार हाय."

त्यांचा तळवा कितीतरी वेळ तसाच पुढे राहिला, आणि त्याच्याशेजारी माझा हात कापत राहिला.